थकव्याचा पुरावा

विशे मॅडम आमच्या ज्युनिअर कॉलेजात कुणालाच नावाने हाक मारत नसत. भूगोलाचे सर म्हणजे ‘भूगोल’, गणिताचे ‘गणित’, आणि मी मराठी शिकवते म्हणून ‘मराठी’. “ए मराठी, चहा घेतेस का?” असं त्या जिन्याखालून ओरडायच्या आणि तो आवाज दुसऱ्या मजल्यावरच्या बारावीच्या वर्गापर्यंत जायचा. मी शहापूरला नोकरीला लागले तेव्हा नवी आणि भित्री होते. पहिल्या दिवशी मला वाटलं, या बाई माझ्याशी भांडताहेत.

त्या केमिस्ट्री शिकवायच्या. तानशाकडच्या एका गावातल्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलेलं त्यांना आवडायचं नाही. एरवी पुस्तकी मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा दमल्या की बोली गावाकडे वळायची. ‘नाही’चं ‘नाय’ झालं की मुलं गप्प बसायची. त्यांचा आवडता शब्द होता ‘पुरावा’. कुणी म्हणालं, “मॅडम, असंच असतं,” की त्या खडू खाली ठेवायच्या. “असंच असतं म्हणजे? पुरावा दाखव.” एकदा एक मुलगी, माझं जर्नल चोरलं म्हणून रडत आली, तर तिलाही म्हणाल्या, “आधी पुरावा, मग रडणं.” मग स्वतःच पाऊण तास सगळी कपाटं उलटीपालटी करून जर्नल शोधून दिलं.

दर हिवाळ्यात त्या मुलांना सिद्धगडावर न्यायच्या. आम्ही बाकीचे शिक्षक अर्ध्या वाटेवर धापा टाकत असायचो आणि वरून मॅडमची शिट्टी ऐकू यायची. पन्नाशीला आलेली बाई दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारते, याचं मला फार अप्रूप होतं.

मग साथ आली. दुसऱ्या लाटेत मॅडमना ताप आला. चार दिवस ताप, थोडा खोकला, दवाखान्यात दाखल व्हायचीही वेळ आली नाही. सगळे म्हणाले, थोडक्यात सुटलात. कॉलेज पुन्हा भरायला लागलं तेव्हा त्या आल्या, दोन तास घेतले, हसल्या, घरी गेल्या. आणि तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत. चौथ्या दिवशीही नाही. मी घरी गेले तर पडदे ओढून निजलेल्या. म्हणाल्या, “काय नाय गो. अंगात कोणीतरी ओली माती भरल्यासारखं झालंय.”

पुढे हेच सुरू झालं. काम केलं त्या दिवशी नाही, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी शरीर आडवं व्हायचं. झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखं वाटायचं नाही. त्यांनी प्रयोगशाळेतल्या तराजूच्या खोलीत एक चटई ठेवली. मधल्या सुट्टीत आम्ही डबे खायचो तेव्हा त्या तिथे डोळ्यांवर रुमाल टाकून पडलेल्या असायच्या. मुलांना कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या खोलीचं दार कुणी आपटत नसे. केस धुवायच्या फक्त शनिवारी, कारण हात वर धरून केस धुतले की तो दिवस संपायचा. फळ्यावर लिहिणं बंद झालं. स्टुलावर बसून बोलायच्या आणि एखादी मुलगी फळ्यावर लिहायची.

तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन बरं, थायरॉइड बरं, साखर बरी. आमच्या भागातल्या एका डॉक्टरांनी सगळे कागद बघून विचारलं, “लग्न नाही का केलंत?”

“नाही. त्याचा थायरॉइडशी संबंध आहे का?”

“तसं नाही. मन रमवा कशात तरी.”

हा किस्सा त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितला तेव्हा सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. सगळे पांगल्यावर मला म्हणाल्या, “मराठी, गंमत बघ. जन्मभर मी लोकांकडे पुरावा मागितला. आता माझ्याकडे मागतायत आणि माझ्याकडे नाय.”

प्राचार्य वाईट नव्हते, पण रजा संपत आल्या होत्या. मॅडम तासाला चांगल्या दिसतात, मग दुसऱ्या दिवशी कुठे जातात, असं काही जण बोलायला लागले होते. मी ऐकायचे आणि गप्प बसायचे. खोटं कशाला सांगू, एक-दोनदा मलाही तसं वाटलं होतं.

तनुजाचा फोन आला तो या काळात. तनुजा मॅडमची जुनी विद्यार्थिनी, मुरबाडची. आता ती मुंबईत एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. तिचा विषय होता अमिनो आम्लं आणि हाच आजार. त्याला नाव आहे, क्रॉनिक फटीग सिंड्रोम, हे मॅडमना तिच्याकडूनच पक्कं कळलं. एखाद्या साथीच्या तापानंतर काही माणसांना तो जडतो, त्याची एकच अशी रक्ततपासणी अजून नाही, आणि परदेशात काही संशोधकांना अशा रुग्णांच्या रक्तात ठरावीक अमिनो आम्लं कमी आढळली आहेत, एवढं तिने सांगितलं. मॅडमनी जमेल तेव्हा, तुकड्यातुकड्यांनी, दिवसाला दोन पानं वाचत तिने पाठवलेले लेख संपवले. महिना लागला. पण त्या महिन्यात त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडं काहीतरी आलं.

त्याच सुमारास मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात आम्हाला हिरा भेटली.

मॅडमना तिथे एक दाखला घ्यायचा होता. मी सोबत गेले होते. रांग मोठी होती. मॅडम थोडा वेळ बसल्या आणि मग सरळ बाकावर आडव्या झाल्या. समोरच्या बाकावर तिशीची एक बाई तशीच आडवी होती, पदर तोंडावर घेऊन. तिच्या पायाशी तिची सासू बसली होती. मथीबाई. सिद्धगडाच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतली. ती सगळ्या रांगेला ऐकवत होती.

“दोन दिस लावणीला गेली आन् चार दिस पडली. सगल्या सुया टोचून झाल्या. काय पन निघत नाय. निघंल कसा? आलस काय रक्तान दिसतंय?”

मॅडमनी डोळ्यांवरचा रुमाल बाजूला केला. “ताप आला होता का हिला? आधी?”

“आलेला. सगल्यांनाच आलेला तवा.”

“आणि काम केल्यावर लगेच पडते, का दुसऱ्या दिवशी?”

तोंडावरचा पदर सरकला. हिरा पहिल्यांदाच बोलली. “दुसऱ्या दिसाला. तुमाला कसा म्हाईत?”

त्या दोघी बाकांवरून एकमेकींकडे आडव्या पडूनच बघत राहिल्या. मला तिथे उभं राहायची लाज वाटली.

पंधरा दिवसांनी मॅडम म्हणाल्या, वाडीत जायचं. हिराला माहेरी पाठवून द्यायचं घाटत होतं, असं तिने फोनवर सांगितलं होतं. मी माझ्या भावाची गाडी आणली. मॅडम मागच्या सीटवर झोपून आल्या. गाडी जिथे थांबते तिथून वाडीपर्यंत चढ आहे. फार नाही, दहा मिनिटांचा. मॅडमना अर्धा तास लागला. प्रत्येक वळणावर दगड शोधून बसायच्या आणि माझ्याकडे न बघता म्हणायच्या, “चल.”

मथीबाईने पाणी दिलं. घरात चूल पेटलेली होती. मॅडम तिच्याजवळच बसल्या आणि शिकवायला लागल्या. मी त्यांचे इतके तास ऐकलेत, पण तो तास वेगळा होता.

“मावशी, तुमच्या चुलीत फाटी घालता ना, तशी माणसाच्या अंगात चूल असते. आपण भात खातो, त्याची साखर होते, ती फाटी. हिच्या चुलीचं तोंड आखडलंय. फाटी ढीगभर आहेत, पण आत जात नायत. मग चूल विझू नये म्हणून अंग काय करतं? घराचे वासे काढून जाळतं.”

“वासे?”

“अंग ज्या तुकड्यांनी बांधलेलं असतं ना, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. ते वासे. ते वेगळ्या दाराने चुलीत जाऊ शकतात. म्हणून हिच्या रक्तात ते कमी पडत असणार.”

मथीबाई चुलीकडे बघत राहिली. “म्हंजी घर पडंल?”

“पडायचं नाय. पण तुम्ही हिला जितकी राबवाल तितके वासे जास्त जळतील. थकायच्या आधी हिला बसू द्या. बसून होतं ते काम सांगा. आज जास्त झालं तर उद्या काहीच सांगू नका.”

बोलता बोलता मॅडमचा आवाज बसत गेला. शेवटचं वाक्य तर ओठांच्या हालचालीवरूनच कळलं. परतताना वाडीतल्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं. मॅडम पुढचे नऊ दिवस कॉलेजात आल्या नाहीत. पण हिरा माहेरी गेली नाही. मथीबाईने तिला तांदूळ निवडायला, पत्रावळी लावायला बसवलं, असा निरोप आला.

तनुजाच्या प्रयोगासाठी आजारी बायका हव्या होत्या आणि त्याच वयाच्या निरोगीही. मॅडमनी आपलं नाव दिलं आणि मला न विचारता माझंही दिलं. “तू निरोगी आहेस. त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे.” हिराचं फक्त रक्त द्यायचं ठरलं. खरा प्रयोग मोठा होता. दोन दिवस लागोपाठ, तोंडाला श्वास मोजणारा मुखवटा लावून, जागच्या जागी असलेली सायकल दमेपर्यंत चालवायची, आणि आधी व नंतर रक्त द्यायचं. पहिल्या दिवशी आजारी माणूस बऱ्यापैकी चालवतो. दुसऱ्या दिवशी काय होतं, ते बघायचं असतं.

तनुजाने फोनवर स्पष्ट सांगितलं, “मॅडम, रक्त दिलंत तरी पुरे. सायकल नका चालवू. तुम्ही महिनामहिना उठणार नाही.”

“हिराला चालवायला लावू नकोस. ती पडली तर तिचं घर पडेल. माझ्यामागे कोण आहे?”

“मॅडम, पण...”

“तनुजा, मला एकदा कागदावर बघायचंय गो. दुसऱ्या दिवशी मला काय होतं ते.”

त्या शेवटच्या वाक्यात गावाकडचा ‘गो’ आला आणि तनुजाने दोन दिवसांच्या तारखा सांगितल्या.

पहिल्या दिवशी मुंबईच्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी शेजारशेजारच्या खोल्यांत सायकल चालवली. मॅडम बाहेर आल्या तेव्हा घामाने भिजल्या होत्या आणि डोळे चमकत होते. “सिद्धगडाची पहिली चढण आली असती एवढ्यात,” म्हणाल्या. जवळच्या एका लॉजवर राहिलो. सकाळी मी उठले, मांड्या जरा दुखत होत्या, बाकी काही नाही. मॅडमना मी हाताला धरून उठवलं, कपडे घालायला मदत केली. खुर्चीवरून सायकलवर बसवायला दोघी लागल्या. त्यांनी चालवली. काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. पाय फिरत होते, पण डोकं हळूहळू खाली जात होतं. तनुजा “बस, मॅडम, बस” म्हणत होती आणि रडत होती.

माझे दुसऱ्या दिवशीचे आकडे पहिल्या दिवशीसारखेच होते. मॅडमचे कोसळले होते. तनुजाने तो आलेख त्यांच्यासमोर धरला. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या त्यांनी तो पाहिला, बोट उचलून घसरलेली रेघ दाखवली आणि डोळे मिटले.

ते दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर झालं. सुट्टी संपली, दुसरं सत्र सुरू झालं, सहामाहीचे पेपर तपासून झाले, मॅडम अंथरुणातच होत्या. दात घासायला पलंगावर तस्त द्यावं लागे. त्यांची बहीण गावाहून येऊन राहिली. जानेवारीत त्यांनी स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही केली. कागद मीच नेला होता. सही करून म्हणाल्या, “माझ्या तराजूंवर धूळ बसू देऊ नका म्हणावं.”

अमिनो आम्लांचा निकाल यायला खूप महिने गेले. तनुजा स्वतः शहापूरला आली, लॅपटॉप घेऊन. मॅडम तोवर घरात थोड्या हिंडायला लागल्या होत्या. उशीला टेकून बसल्या. तनुजाने सांगितलं, सगळ्या आजारी बायका एकत्र धरल्या तर काही अमिनो आम्लं जरा कमी दिसतात. पण बायका थोड्या आहेत, फरक लहान आहे, एवढ्यावरून ठामपणे काही म्हणता येणार नाही.

“माझी?”

“मॅडम, एकेकीचे आकडे आम्ही...”

“माझी किती, तनुजा?”

तनुजाने पडद्यावर रांगा सरकवल्या. वेळ घेतला. “तुमची सगळी ठीक आहेत. निरोगी बायकांसारखीच.” मग माझ्याकडे बघत ओशाळून त्यांना म्हणाली, “यांची दोन तुमच्यापेक्षा कमी आहेत.”

मॅडम हसल्या. खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या. “मराठी! वासे तुझे जळतायत!” हसता हसता खोकला आला, पाणी दिलं. मग त्या भिंतीकडे बघत राहिल्या. तनुजा समजावत होती, की याचा अर्थ आजार नाही असा होत नाही, सायकलचा आलेख आहेच, कदाचित हा आजार एक नसून अनेक असतील, कदाचित रक्तात नाही तर स्नायूंत बघायला हवं. मॅडम ऐकत होत्या की नाही कळेना. एकदाच, अगदी हळू म्हणाल्या, “मग मला काय झालंय?”

तनुजाचा पहिला फोन आल्यापासून ज्या एका गोष्टीला धरून त्या उभ्या होत्या, ती त्यांच्याच रक्ताने काढून घेतली होती.

“हिराची?” त्यांनी विचारलं.

“दोन थोडी कमी आहेत. पण एका बाईच्या रक्तावरून...”

“काय म्हणता येत नाय. ठाऊक आहे.” मग माझ्याकडे वळल्या. “मथीबाईला सांगायला पाहिजे. मी तिला चूल शिकवली ती पक्की असल्यासारखी शिकवली. तशी ती नाही.”

मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, मॅडम, त्या चुलीमुळे हिरा त्या घरात आहे. आता जाऊन आमचं नक्की नाही म्हणालात तर पुन्हा तेच सुरू होईल. राहू दे ना. कुणाचं काय बिघडतंय?

“मी शिक्षिका आहे,” त्या म्हणाल्या. “चुकीचं शिकवलं तर पुढच्या तासाला दुरुस्त करायचं असतं. गाडी कधी मिळेल?”

या वेळी त्यांना वाडीपर्यंत खुर्चीतूनच चढवलं. ओटीवर हिरा पत्रावळी लावत बसली होती. मथीबाई बाहेर आली. मॅडमनी सगळं सांगितलं, काही न लपवता. चुलीची गोष्ट काही जणांच्या बाबतीत खरी असेल, अजून शोध चालू आहे, माझ्या स्वतःच्या रक्तात तसं काहीच सापडलं नाही, मी उगाच ठामपणे बोलले. हिराचे हात थांबले होते. ती सासूकडे बघत होती. मीही.

मथीबाईने पदराने तोंड पुसलं. “बाई, ती चूल मला तवाच समाजली नवती.”

“मग?”

“तुमी येवड्या लांबशी आलाव. चढ चढून आलाव. बोलता बोलता तुमचं ओठ पांढरं झालं, मी बगत व्हते. मनात म्हटला, ही बाई मास्तरीन, हिला आमच्या दारात येऊन खोटा बोलायची काय गरज? ही खरीच थकलेली हाय. मंग आमची हिरा पन खरीच थकत असंल.” ती आत वळली. “रक्तान निघो नाय तर नको निघो. ती थकतंय ता थकतंयच ना? च्या टाकते.”

चहा येईपर्यंत मॅडम ओटीवर आडव्या झाल्या. थोड्या वेळाने हिराही पत्रावळी बाजूला सारून त्यांच्याशेजारी आडवी झाली. मी पायरीवर बसून राहिले.

त्याला आता दीड वर्ष झालं. तनुजाचं काम चालू आहे. माझी बदली संस्थेच्या मुरबाडच्या शाखेत झाली आणि शहापूरला जाणं कमी झालं. मॅडमना फोन केला तर त्यांची बहीण उचलते. आज बऱ्या आहेत, आज बोलणार नाहीत, असं सांगते.

गेल्या महिन्यात काही कामासाठी शहापूरला गेले होते. सकाळची वेळ. बाजाराच्या रस्त्याला रिक्षातून उतरले तर समोरच्या कडेला, एका बंद दुकानाच्या पायरीवर मॅडम दिसल्या. घरापासून ते दुकान पन्नास पावलांवर असेल. हातात कोथिंबिरीची एकच जुडी. बारीक झाल्या होत्या, केस कापून टाकले होते. शेजारी एक भाजीवाली टोपली मांडून बसली होती.

मी रस्ता ओलांडायला थांबले होते. भाजीवालीने विचारलेलं मला ऐकू आलं.

“कवापासून बसल्याव, मॅडम. कोनाची वाट बगताव?”

“कोणाची नाय गो. थकलेय.”

“मंग बसा,” ती म्हणाली. तिने डोक्यावरची मोठी छत्री कलती केली, सावली मॅडमच्या पायांपर्यंत सरकवली आणि पुन्हा मेथीच्या जुड्या बांधायला लागली. मध्ये एसटी आली. ती गेल्यावर पाहिलं, तर मॅडमनी डोकं शटरला टेकवून डोळे मिटले होते. मी हाक मारली नाही.